सालीसकट

तळहातावरचा तो गोळा पांढराशुभ्र, सोललेल्या उकडलेल्या अंड्यासारखा गुळगुळीत... आणि त्याच्यावर सालीचा एक कपटासुद्धा नाही.

"तुज्यासाटी नीट साफ करून आणलाय, बाय," बायडी कौतुकाने म्हणाली. बोईसरच्या बाजारात रानभाजी मांडून बसलेली ही म्हातारी, आणि तिच्यापुढे उकिडवी बसलेली समिधा... हसावं की रडावं तिला कळेना. चौदा वर्षं पोळ्या लाटून छत्तिसाव्या वर्षी तिने पालघरच्या कॉलेजात एम.एस्सी.ला नाव घातलं होतं, आणि प्रकल्प घेतला होता तो या भुईतल्या अळंबीच्या गोळ्यांच्या सालींचाच. बाहेरची काटेरी, हात लागताच झडणारी. आतली कागदासारखी, बीजाची भुकटी सांभाळणारी. दोन्ही साली असल्याशिवाय जात ओळखायची कशी? नमुना आज चारपर्यंत कॉलेजात द्यायचा होता. नाहीतर सर पुन्हा तसेच हसणार — 'घर सांभाळून जमेल तेवढं करा हो'... त्या 'हो'ची तिला अजून चीड येत होती.

"मावशी, सालं कुठं टाकलीत?"

"टाकतंय कोन? रानातच सोलतो आमी, नि तितंच मातीत पुरतो. साल घरी नेली तर फुडल्या वर्साला गोला येत नाय."

समिधा पुढे सरकली. म्हणजे जागा ठरलेली आहे, दर वर्षीची!

"मला दाखवा ना."

"सुनेला पन नाय दावली," बायडी पुटपुटली. मग समिधाच्या तोंडाकडे बघत राहिली, आणि टोपली शेजारणीच्या हवाली करून उठली. "चल. पर जागा कुनाला सांगायची नाय. लोक पोती घेऊन येतील."

"नाही सांगणार" — शब्द निघूनही गेला.

रिक्षा, मग चिखलाची पायवाट, मग चढण... ऐनाच्या झाडाच्या मुळाशी बायडीने पानं बाजूला सारली आणि — होता! लिंबाएवढा, अंगभर बारीक काटे उभे! श्वासाने झडतील म्हणून समिधाने तोंडावर ओढणी धरली, तरी आतून आनंदाची आरोळी फुटलीच. बायडी खळखळून हसली. मातीसकट गोळा डबीत, कापसावर गेला.

पालघरच्या एसटीत तिने नमुन्याला लावायची चिठ्ठी काढली. तारीख. शोधणाऱ्याचे नाव. ठिकाण... ठिकाणाशिवाय नमुना घेत नाहीत, हे सरांनी पहिल्याच दिवशी बजावलं होतं. लिहून टाकावं? कपाटात पडून राहील, कोण बघतंय... आणि कुणी बघून पोती घेऊन गेलं तर? शोधणाऱ्याच्या जागी स्वतःचं नाव लिहिता लिहिता तिचा हात थांबला, आणि तिने ठळक अक्षरांत लिहिलं — बायडी. केवढा आनंद झाला तिला! चौदा वर्षांत असं छातीत धडधडलं नव्हतं, आणि त्या धडधडीत सरांची भीती शोधूनही सापडेना. हसतील? हसू देत.

ठिकाणाचा रकाना कोराच होता. कॉलेजचा थांबा जवळ आला तरी ती मांडीवरची डबी सांभाळत पेनाचं टोपण लावत होती, काढत होती, पुन्हा लावत होती.