बाबांचं उद्गारचिन्ह

प्रोग्रॅममध्ये सुचवलेला बदल, म्हणजे पॅच, परत आला. धाकटीनं मेल वाचली आणि लॅपटॉपचं झाकण असं आपटलं की स्वयंपाकघरातून आईनं विचारलं, "काय फुटलं गं?"

"माझं नशीब!"

चाळिशी गाठली तरी घरात ती धाकटीच. बाहेर मोठमोठ्या कंपन्यांतले लोक तिच्याशी अदबीनं बोलायचे. ऑपरेटिंग सिस्टिमचा जो गाभा असतो, ज्याला कर्नल म्हणतात, त्यात हात घालणारी माणसं मुळात थोडी. आणि त्यातल्या जुन्यापुराण्या पिनांच्या भानगडीत आपणहून पडणारी तर त्याहून थोडी. पण ती अदब काय चाटायची आहे? जगाच्या दुसऱ्या टोकाला एक माणूस बसला होता, त्याच्या होकाराशिवाय पिनांच्या विभागात एक ओळ आत जायची नाही, आणि तो काही केल्या हो म्हणत नव्हता. धाकटीनं त्याचं नाव मुकादम ठेवलं होतं. तिनं त्याला कधी पाहिलं नव्हतं, पण मेल लिहिताना तो मिशीला पीळ देत असणार याबद्दल तिच्या मनात शंका नव्हती.

आधी म्हणाला, ओळ लांब झाली. तोडली. मग म्हणाला, स्वल्पविरामानंतर जागा सोडा. सोडली. मग म्हणाला, दोन बदल एकत्र का केलेत, वेगळे करा. वेगळे केले तर म्हणाला, इतके तुकडे कशाला? नकटीच्या लग्नाला सतराशे विघ्नं म्हणतात ती हीच. आणि आज पुन्हा लिहिलं होतं, "हा बदल खऱ्या बोर्डावर चालवून पाहिला आहे का? नसेल तर घेणार नाही. आज जुनी पद्धत बंद होते आहे. नव्या पद्धतीत न आलेले ड्रायव्हर काढून टाकू."

काढून टाकू! जुनी चप्पल टाकावी तसं!

त्याचं चुकत नव्हतं, हेच तर दुखणं होतं. चिपला पाय असतात, त्यांना पिना म्हणायचं. एका पिनेवर पंखा, एकीवर दिवा, आणि ते चालवणारा कर्नलमधला छोटा प्रोग्रॅम म्हणजे ड्रायव्हर. पूर्वी कर्नलमध्ये त्यांना नुसते नंबर होते. अमुक नंबरला वीज दे, तमुकची काढ. चिप बसवलेलं बोर्ड बदललं की नंबर बदलायचे, आणि पंखा लावायला जावं तर दिवा लागायचा. म्हणून नवी पद्धत आली. आता नंबर नाही, नावानं मागायचं. पंख्याची पिन द्या, बस्स. ती पिन सरळ आहे की उलटी, म्हणजे वीज दिल्यावर पंखा फिरतो की वीज काढल्यावर, हे बोर्डाच्या वर्णनात लिहिलेलं असतं आणि कर्नल आपलं आपण उलटवून घेतं. ड्रायव्हरनं फक्त "चालू" म्हणायचं. शहाणपणाची गोष्ट आहे, धाकटी स्वतः चार लोकांत याचं कौतुक करायची.

फक्त न बदललेल्या त्या जुन्या ड्रायव्हरांत एक तिच्या बाबांचा होता.

बाबा एका लहानशा कंपनीत होते. अंडी उबवायच्या मोठ्या कपाटांत हवा खेळती ठेवणारे पंखे असतात, त्यांचं बोर्ड बाबांनी बनवलं आणि त्याचा ड्रायव्हर लिहून कर्नलमध्ये दिला. कंपनी कधीच बुडाली. ड्रायव्हर मात्र राहिला, आणि त्याच्या पहिल्या ओळीत बाबांचं नाव. जगात जिथे म्हणून ते कर्नल गेलं तिथे ते नावही गेलं. बाबांनी त्याचा कधी तोरा मिरवला नाही. पण पाहुणे आले की कसा कोण जाणे, विषय तिथेच जायचा.

गेल्या वर्षी बाबांच्या मेंदूला झटका बसला. उजवा हात गेला, शब्द गेले. उरले दोनच, हो आणि नाही, आणि तेही अदलाबदल होऊन. हवं असलं की तोंडून "नाही" यायचं, नको असलं की "हो". मान डोलवली तरी तीच गत. बोलायला शिकवायला बाई यायच्या, त्यांनी सांगितलं होतं, "त्यांना कळतं सगळं. फक्त बाहेर येताना उलटं होतं. तुम्ही उलटवून घेत जा. पुढे सुधारलं की आपोआप सरळ होईल."

आता बाबांकडे स्वतःचं असं ते नाव तेवढं उरलं होतं, आणि मुकादम ते आज पुसणार होता. धाकटीच्या छातीवर धोंडा होता तो हा.

म्हणून तर ती रजा टाकून माहेरी आली होती, कारण बोर्ड फक्त इथे होतं, बाबांच्या टेबलाच्या खणात. आल्या दिवशी बोर्ड मिळालं, पण त्याचा अडाप्टर मिळेना. सगळी दुकानं पालथी घातली. एक दुकानदार तर बोर्ड हातात घेऊन म्हणाला, "बाई, हे वस्तुसंग्रहालयात द्या." शेवटी आज तिनं दुसऱ्याच अडाप्टरची वायर कापून स्वतः डाग देऊन जोडली. बोट भाजलं ते वेगळंच.

आणि घरात बाबा तापलेले. ती आल्यापासून त्यांचं कशानंच समाधान होईना. परवा चमचा फेकला. काल शाल फेकली, ती सुपाच्या वाटीत पडली. आतल्या खोलीत बाबा, स्वयंपाकघरात आई, बाहेरच्या टेबलावर वायरींच्या जंजाळात धाकटी. निरोप सगळे आईमार्फत. "आई, बाबांना शाल हवी का विचार!" आई आत जाऊन यायची. "नकोय." की धाकटी उठून शाल नेऊन पांघरायची. आईला वाटायचं, काय हट्टी कार्टी आहे, विचारते एक आणि करते भलतंच. पण लेक चार दिवसांसाठी आलेली, कशाला तोंडाला तोंड द्या? ती गप्प बसायची.

ड्रायव्हरचंही असंच विचारून झालं होतं. धाकटीला स्वतः विचारायचा धीर नव्हता. आजारी पडण्याआधी एकदा तिनं बाबांच्या त्या ओळींत काही सुचवलं होतं, तर दोन दिवस त्यांनी अबोला धरला होता. म्हणून तिनं आईला पुढे केलं, "विचार, मी त्यांचा ड्रायव्हर बदलला तर चालेल का?"

आई आतून आली. "चालेल म्हणतायत."

म्हणजे चालणार नाही. पण न बदलून सांगते कोणाला? ड्रायव्हरच राहणार नव्हता. मग तिनं मनाशी ठरवलं की जेवढं अगदी करावंच लागेल तेवढंच करायचं. नंबर काढून तिथे नाव घातलं आणि बाबांच्या बाकीच्या एकाही ओळीला बोट लावलं नाही.

दुपारी तिनं बोर्ड सुरू केलं. बोर्डाला छोटा पंखा जोडला. स्क्रीनवर अक्षरं धावली, बाबांच्या ड्रायव्हरचं नाव आलं, आणि पंखा गरगर फिरायला लागला.

"आई! चाललं! बाबांना बाहेर आण!"

आईनं बाबांची चाकाची खुर्ची ढकलत आणली. बाबांच्या अंगावर शाल, कपाळावर घाम. धाकटीनं केस वाळवायचा ड्रायर घेतला आणि बोर्डावरच्या तापमान मोजणाऱ्या बटणाएवढ्या तुकड्यावर गरम हवा सोडली. आता तर पंखा फिरतच राहायला हवा होता.

पंखा थांबला.

ड्रायर बंद केला. बोर्ड गार झालं. पंखा सुरू. पुन्हा गरम केलं. बंद. गारठ्यात वारा घालतोय आणि उकाड्यात हात बांधून बसतोय! हे असं कुठल्या उबवणीच्या कपाटात गेलं असतं तर आतली अंडी उकडून निघाली असती. आणि वर नाव बाबांचं!

"अरे मेल्या, काय अवदसा आठवली तुला?" ती पंख्याला म्हणाली. वायर उपटून पुन्हा लावली. पंखा बदलला. अडाप्टरला शिव्या दिल्या, बोर्डाला दिल्या, मुकादमाला तर अशा दिल्या की आईनं कानावर हात ठेवले. कशाचा म्हणून उपयोग होईना. घोडं कुठे पेंड खातंय ते दिसेना. पॅच पाठवायला हातात उरलेली दुपार, आणि ती अशी चाललेली. धाकटीच्या डोळ्यांत पाणीच आलं.

बाबा खुर्चीत तळमळत होते. डाव्या हातानं शाल ओढत होते. "हो! हो! हो!"

"अगं, काढ ती शाल त्यांची," आई म्हणाली. "नको म्हणतायत."

"कळतंय मला, हो म्हणतायत म्हणजे नकोच ना?" धाकटीनं शाल ओढून काढली. आणि हातात शाल घेऊन तशीच उभी राहिली. "आई, ते हो म्हणाले. मी ऐकलं. आणि तू मला सांगितलंस, नको म्हणतायत."

"मग? उलटं बोलतात ना ते. बाईंनीच सांगितलंय, उलटवून घ्या म्हणून."

"मलाही सांगितलंय! फोनवर!"

धाकटीनं शाल खुर्चीच्या पाठीवर टाकली.

"म्हणजे मी आल्यापासून तू उलटवून मला सांगतेस," धाकटी म्हणाली, "आणि ते मी परत उलटवते?"

"अगं बाई!" आईनं पदर तोंडाला लावला. "म्हणजे ती शाल..."

"आणि अळणी सूप. आणि बंद खिडकी. माणूस चार दिवस घसा फोडून सांगतोय आणि आपण दोघी मन लावून बरोबर उलटं करतोय!"

बाबांनी छताकडे बघून असा सुस्कारा सोडला की त्याला शब्दांची काही गरज नव्हती. आईला हसू फुटलं. धाकटीलाही फुटणारच होतं, पण मध्येच थांबलं.

"आई, ड्रायव्हरचं विचारलंस तेव्हा काय म्हणाले होते? त्यांच्या तोंडून काय आलं होतं?"

"नाही म्हणाले. चांगलं तीनतीनदा. म्हणून तर तुला सांगितलं, चालेल."

धाकटीनं कपाळावर हात मारला. त्यांना हवं होतं. पहिल्यापासून हवं होतं. आणि आपण मारे मान राखतोय म्हणून त्यांच्या ओळींना शिवत नव्हतो!

त्या ओळी. तिनं लॅपटॉप ओढला आणि फाइल उघडली. जिथे पंख्याला हुकूम सुटत होता तिथे, शब्दाच्या आधी, एक इवलंसं उद्गारचिन्ह होतं. प्रोग्रॅममध्ये त्या चिन्हाचा अर्थ एकच, पुढे जे असेल त्याच्या उलट. पिन उलटी होती, जुन्या कर्नलला ते कळायचं नाही, म्हणून बाबांनी स्वतः उलटवलं होतं. आता नवं कर्नलही उलटवत होतं. एकानं उलटवलेलं दुसऱ्यानं परत उलटवलं, दोघं आपापल्या जागी शहाणे, आणि पंखा वेडा. हजारदा ही ओळ डोळ्यांखालून गेली होती तिच्या.

तिनं बाबांची खुर्ची टेबलाला लावली आणि त्या चिन्हावर बोट ठेवलं. या वेळी तिनं स्वतः विचारलं. "बाबा, हे काढू?"

"नाही," बाबा म्हणाले. "नाही, नाही, नाही!" आणि डाव्या हातानं टेबलावर थाप मारली.

तिनं ते चिन्ह पुसलं.

ड्रायरची हवा लागली तसा पंखा उठला आणि फिरत राहिला. गार झालं, थांबला. बाबांनी पुन्हा खूण केली, पुन्हा गरम केलं, पुन्हा फिरला. लहान मुलाला भोवरा मिळावा तसं त्यांचं झालं होतं. आईनं खिडकी सताड उघडली आणि सुपात मीठ घालायला गेली.

धाकटीनं पॅच लिहिला. खाली चाचणी करणाऱ्याचं नाव घालायचं असतं, तिथे तिनं बाबांचं नाव घातलं आणि पाठवून दिला.

उत्तर जेवताना आलं. धाकटीनं आधी एक डोळा मिटून वाचलं, मग दोन्ही उघडून. मुकादमानं लिहिलं होतं, "बदल घेतला. आधीच्या खेपेतली चूक बोर्डाशिवाय सापडली नसती, म्हणून मागे लागलो होतो. एक विचारायचं आहे. ड्रायव्हरचा मूळ लेखक आणि चाचणी करणारा, दोन्हीकडे एकच नाव दिसतंय. हे चुकून झालं आहे का?"

"घेतला गं!" धाकटी किंचाळली. "राहिला ड्रायव्हर! आणि या खडूसाला अजून शंका आहेतच!" तिनं लॅपटॉप बाबांसमोर धरला. "बघा बाबा, विचारतोय, तुमचं नाव दोनदा आलंय. चुकून झालं का?"

बाबांनी चमचा खाली ठेवला. डाव्या हाताचं बोट उचलून वरच्या नावावर टेकवलं. मग खालच्या नावावर. मग ते बोट हळूहळू आपल्या छातीवर आणलं.

"नाही," ते म्हणाले.

स्वयंपाकघरातून आईनं विचारलं, "काय म्हणाले गं?"

धाकटीनं लॅपटॉप स्वतःकडे ओढला. "नाही म्हणाले, आई."

"म्हणजे?" आई हात पुसत दारात आली. "आता तू उलटवायचं की मी?"

"कुणीच नाही," धाकटी म्हणाली. तिनं मुकादमाला एकाच शब्दाचं उत्तर लिहिलं, बाबांनी सांगितलं होतं तेच, आणि पाठवलं.