तीन जणांची खोली

जळगावला जाऊन आम्ही टूरसाठी चौघांची नावं नोंदवली होती. मी, माझी बायको ज्योत्स्ना, शेजारचा चुडामण आणि त्याची बायको मंदाबाई. अमेरिकेतल्या वाळवंटातल्या दऱ्या बघायच्या होत्या. व्हिसाही चौघांचा आला. मग होळीच्या सुमारास ज्योत्स्ना वारली. मी जाणार नाही म्हणालो.

चुडामण म्हणाला, "घरी बसून भिंतीच पाहशील ना? चाल आमच्यासंगं. आमच्याच खोलीत राहाय."

टूरवाल्यांनी दोन खोल्यांची एक केली. तिघांची. रावेरला आमच्या घरांमध्ये एकच भिंत आहे, त्यामुळे यात अवघडण्यासारखं काही आहे असं कोणाच्याच मनात आलं नाही. माझ्याही नाही.

तिकडच्या हॉटेलात खोलीत दोन मोठे पलंग असतात. एकावर ते दोघं, एकावर मी. मी एका कडेला झोपायचो. दुसऱ्या बाजूची चादर सकाळी जशीच्या तशी असायची.

चुडामणच्या केळीच्या बागेचा मी कधी हेवा केला नाही. माझी बाग त्याच्यापेक्षा चांगली आहे. पण त्या खोलीत पहिल्या सकाळपासून मला त्याचा हेवा वाटायला लागला. मंदाबाई उठल्यापासून त्याच्याशी बोलायच्या. गोळी घेतली का? तो शर्ट नको, त्याची कॉलर मळली. मोजे वाळले का बघा. तो नुसता "हं" म्हणायचा. निम्मं ऐकायचाही नाही. सगळं मी ऐकायचो.

दिवसभर बस लाल डोंगरांमधून जायची. उतरलं की जोडप्यांचे फोटो. धुळ्याचा भूपेंद्र आमचा टूर मॅनेजर होता. तो म्हणायचा, "काका, तुम्ही मोकळेच आहात, जरा घ्या ना." वाईट मनानं म्हणत नव्हता तो. मी सगळ्यांचे फोटो काढायचो.

तिसऱ्या दिवशी बसमध्ये चहा दिला. मंदाबाईंनी साखरेची पुडी परत केली. धुळ्याच्या एक बाई म्हणाल्या, "डायबेटीस का हो?"

"नाही माय," मंदाबाई म्हणाल्या. "याहीनं मुक्ताईपुढे शपथ घेऊन तंबाखू सोडली. मंग मी साखर सोडली. एकट्यालेच कशाला जड जाऊ द्यायचं?"

बसमध्ये टाळ्या झाल्या. चुडामण खिडकीबाहेर बघत होता. बस थांबली की तो मागच्या बाजूला जाऊन काय करतो, हे मला माहीत होतं. पुडी कुठे ठेवतो तेही. मी कोणाला बोललो नव्हतो. एरवी बोललोही नसतो. पण माझ्यासाठी साखर सोडणारं आता कोण होतं? ते मला सहन झालं नाही.

त्या दिवशी आम्ही एका अरुंद घळीत उतरलो. दोन्ही भिंती इतक्या जवळ, की एकामागे एक चालायचं. खाली मऊ वाळू. मंदाबाईंनी चुडामणचा शर्ट मागून धरला होता. माझ्यामागे कोणी नव्हतं. बाहेर आल्यावर सगळे बाकांवर बसून बुटांतली वाळू झटकायला लागले. चुडामणनं उजवा बूट काढला. डावा काढेना.

"काढा ना," मंदाबाई म्हणाल्या. "पाय सोलून निघीन."

"राहू दे."

मी म्हणालो, "मंदाबाई, त्या मोज्यात वाळू नाही."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मग खाली बसल्या, त्याचा बूट ओढला, मोजा ओढला. तंबाखूची पुडी आणि चुन्याची डबी जमिनीवर पडली. पुढच्या थांब्यावर त्यांनी चहा घेतला, साखरेच्या तीन पुड्या फोडल्या, चुडामणच्या समोर उभं राहून ढवळल्या आणि सगळा चहा प्यायल्या.

तेव्हापासून त्या त्याच्याशी बोलेनात. जे असेल ते माझ्यामार्फत.

"योगराजभाऊ, त्याहीले सांगा, बॅग तुमची तुम्हीच उचला."

"योगराज, तिले सांग, चावी तिच्याच पर्समध्ये हाये."

तिघं एकाच टेबलावर बसलेलो असायचो, तरी मी सांगायचो. त्या संध्याकाळी जेवून खोलीवर आलो तेव्हा बाहेर अजून ऊन होतं. मंदाबाईंनी त्यांच्या पलंगावरची एक उशी उचलून माझ्या पलंगावर टाकली. "त्याहीले सांगा, आजपासून तिकडं."

चुडामण येऊन माझ्याशेजारी आडवा झाला. ज्योत्स्नाच्या बाजूला.

"तुले काय भेटलं रे सांगून?" तो हळू आवाजात म्हणाला.

"काही नाही."

"सरक मंग."

मला वाटलं होतं, त्यांचं बोलणं बंद पडलं की माझा जीव थंड होईल. तसं झालं नाही. उलट जास्तच जळायला लागला. त्याला पलंगावरून हाकलून देणारं माणूस समोरच्या पलंगावर पाठ करून पडलेलं होतं. मला हाकलणारं कोणी नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सगळ्यात मोठ्या दरीवर गेलो. तापीच्या काठच्या घळी मी लहानपणापासून बघितल्या आहेत, पण इथे खालची नदी दोऱ्याएवढी दिसत होती. चुडामण पुढे कठड्याजवळ एकटा उभा होता. वारा होता आणि ऊनही कडक होतं. मंदाबाई माझ्याजवळ उभ्या होत्या. त्यांचं दरीकडे लक्ष नव्हतं.

"भाऊ," त्या म्हणाल्या, "त्याहीले सांगा, टोपी घाला म्हणा. ऊन लागीन."

चुडामण दहा पावलांवर होता. मी गेलो नाही. पिशवीतून माझी टोपी काढली, नीट डोक्यावर बसवली आणि तिथेच उभा राहिलो.

मंदाबाई थांबल्या. त्यांना वाटलं असेल, आता जाईल. मग त्यांनी माझ्या टोपीकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं. तरातरा चुडामणकडे गेल्या.

"बहिरे झाले का? टोपी कुठी हाये?"

तो दचकला. "बसमध्ये."

"बसमध्ये कोनाच्या डोक्यावर घातली? ड्रायव्हरच्या?" त्यांनी स्वतःची ओढणी काढून त्याच्या डोक्यावर टाकली. "मुक्ताईले काय तोंड दाखवसान, ते घरी गेल्यावर पाहू. आधी डोकं झाका."

"अवं, लोक हसतीन."

"हसू द्या. कालपासून मी तोंडानं सांगून राह्यली—"

"मले कुठी सांगितलं?"

तो माझ्याकडे वळला. डोक्यावर बायकोची गुलाबी ओढणी, ती वाऱ्यानं उडू नये म्हणून दोन्ही हातांनी धरलेली. "का रे योगराज, हिनं टोपीचं तुले सांगितलं होतं का?"

"हो," मी म्हणालो. "मलाच सांगितलं. भाऊ, तुम्ही टोपी घाला म्हणून."

मंदाबाई त्याच्या मागे उभ्या होत्या. त्यांनी ऐकलं. त्यांनी ते खोटं पाडलं नाही.