जाळीखालचं घराणं

"नको गं, तूच भरव."

सासूबाई स्वयंपाकघराच्या दारात उभ्या होत्या, हात पाठीमागे बांधून. बाळ आपल्या खुर्चीत बसून रिकाम्या चमच्यानं टेबल बडवत होतं. वाटीत कुस्करलेला बटाटा होता. दुधाव्यतिरिक्त त्याच्या तोंडात जायचा हा पहिलाच घास, आणि तो आजीच्या हातचा असणार हे तो पोटात असल्यापासून ठरलेलं होतं.

"अहो आई, घ्या ना. तुमच्याकडेच बघतोय तो."

"बघू दे. माझ्या हाताचं नको. कळेपर्यंत नको."

"अगं, पण तुझ्या हातांना काय झालंय?" नवऱ्यानं विचारलं, जसं काही त्याला ठाऊकच नव्हतं.

"ते तुझ्या बायकोला विचार. तिच्याच प्रयोगशाळेत गेलेत माझे हात."

हात गेले होते म्हणजे कापसाचे बोळे गेले होते. सासूबाई एका मोठ्या इस्पितळाच्या स्वयंपाकघरात प्रमुख. लग्न होऊन आले तेव्हा मला त्यांची ओळख अशी करून देण्यात आली की यांच्या ओट्यावर जेवण वाढलं तरी चालेल, ताट नको. रोज काम संपलं की त्या स्वतः रबरी पाइप हातात घेत आणि पितळी तोटीतून जोराचा फवारा सोडत. भिंती, फरशी, मोरीची जाळी, काप करायचं यंत्र, सगळं धुऊन काढत. तिथल्या परिचारिका त्यांना 'बंबवाल्या बाई' म्हणत. "आग नाही, लागायची शक्यता नाही, तरी बंब हजर!" हे नाव त्यांना मनापासून आवडायचं.

मग त्या इस्पितळात तीन माणसं एकाच तापानं आजारी पडली. दोन वयस्क रुग्ण आणि एक गरोदर बाई, तिचं बाळ फार लवकर जन्मलं. तिघांनीही संध्याकाळची थंड ताटं खाल्ली होती, काकडी-गाजराचे आणि चीजचे काप असलेली. चौकशी सुरू झाली. तपासनीस आले, कर्मचाऱ्यांना ओळीनं उभं करून म्हणाले, "हात पुढे करा." सासूबाईंनी तळवे वर करून हात पुढे केले. एका पोरसवदा मुलीनं बोटांच्या बेचक्यांतून ओला बोळा फिरवला, आणि निकाल येईपर्यंत त्यांना घरी बसायला सांगितलं. त्या दिवसापासून त्यांनी घरात चहासुद्धा केला नाही. बाळाला उचलणं तर सोडाच. तो रडला की लांबूनच टाळ्या वाजवायच्या.

बोळे आमच्याकडे आले. आमच्या प्रयोगशाळेत अन्नातून पोटात जाणाऱ्या जंतूंच्या जनुकांवर काम चालतं, आणि त्यातला एक माझा नेहमीचा: लिस्टेरिया. त्याच्यासाठी वेगळी खोली आहे आणि त्या खोलीचा एक नियम आहे. बाईला दिवस गेले की तिनं नवऱ्याच्या आधी प्रयोगशाळेच्या प्रमुख मॅडमना सांगायचं. हा जंतू आईला नुसती कणकण आणतो आणि गर्भाशयातली वार ओलांडून बाळापर्यंत पोचतो. मीही नियम पाळला होता. नवरा अजून मधूनच ऐकवतो, "आमच्या पोराची बातमी आम्हाला ऑफिसमार्गे मिळाली." पुढचे सगळे महिने मी काचेबाहेर बसून जंतूंच्या जनुकांची अक्षरं वाचायला शिकले.

"नमुन्यांत माझ्या सासूबाईंचे हात आहेत," मी मॅडमना पहिल्याच दिवशी सांगितलं.

"नळीवर आकडा असतो, नाव नसतं," त्या म्हणाल्या. "तू तुझं काम कर. कुठला आकडा कुणाचा, ते शेवटी मी उघडीन."

लिस्टेरियाची अख्खी पोथी एकोणतीस लाख अक्षरांची. अक्षरं चारच, पण त्या चारांत सगळं आलं: फ्रिजच्या गारठ्यात कसं तगायचं, मिठात कसं राहायचं, माणसाच्या पेशीत कसं शिरायचं. त्यातलं एक पान मी कितीदा वाचलं तरी माझ्या अंगावर काटा येतो. हल्ला करायचा हुकूम त्याच्याकडे सदा लिहून तयार असतो, पण थंडीत तो हुकूम स्वतःवरच दुमडून बसतो, सुरगाठ मारल्यासारखा. वाचताच येत नाही. अंगाची ऊब लागली की गाठ आपोआप सुटते. न डोळे, न मेंदू, आणि तरी त्या एवढ्याशा जिवाला कळतं, की आता आपण बाहेर नाही, कुणाच्या तरी आत आहोत.

निकाल आला. मॅडमनी आकडे उघडले. तिन्ही रुग्णांचे जंतू सख्खी भावंडं होती. लाखो अक्षरांत एखाददुसऱ्या अक्षराचा फरक. तेच काप करायच्या यंत्राच्या पोटाखाली. तेच मोरीच्या जाळीखाली. आणि मॅडमनी सहज म्हणून फ्रीझरमधली एक जुनी कुपी काढली, मी कॉलेजात असताना त्याच इस्पितळातल्या एका रुग्णाकडून आलेली, तर तीही त्याच घरातली. थोडी अक्षरं बदललेली, आजोबा-नातवाच्या नाकांत बदल असतो तेवढीच. एक अख्खं घराणं त्या जाळीखाली इतकी वर्षं नांदत होतं. वर माणसं बदलली, भांडी बदलली, रंग बदलला. ह्यांनी घर सोडलं नाही. मी पडद्यासमोर बसून राहिले. वैऱ्यापुढे हात जोडावेसे वाटतात का कधी? मला वाटले.

"आणि हात?" मी विचारलं.

"सगळ्यांचे स्वच्छ," मॅडम म्हणाल्या. "तुझ्या सासूबाईंचे सुद्धा."

मला रडूच आलं. पण मॅडमनी स्वयंपाकघराचा नकाशा पुढे सरकवला. जिथे जिथे हे जंतू सापडले तिथे लाल ठिपके होते. जाळीभोवती दाट, मग भिंतीवर कमरेच्या उंचीपर्यंत, खालच्या फळीवर, यंत्राच्या पोटाला. वरती एकही नाही. शिंतोडे उडावेत तसे.

शिंतोडेच होते ते. जोराचा फवारा जाळीत घुसायचा, खालच्यांना घेऊन वर उसळायचा, आणि नुकत्याच धुतलेल्या यंत्रावर हळूच बसायचा. रोज.

घरी नवऱ्याला सांगितलं. तो बराच वेळ बाळाचे मोजे जुळवत बसला, दोन्ही एकाच रंगाचे असूनही.

"हात स्वच्छ निघाले एवढंच सांग ना तिला," तो शेवटी म्हणाला. "खोटं थोडंच आहे? पाइपचं तिथले लोक बघतील. तिचे राहिलेत किती महिने नोकरीचे? आयुष्यभर एकाच गोष्टीचा तोरा मिरवला गं तिनं."

मलाही तसंच वाटत होतं. म्हणून घाबरत घाबरत मी दुसऱ्या दिवशी सासूबाईंना म्हटलं, "आई, तुमचे हात स्वच्छ आहेत. काही नाही निघालं."

त्यांनी हातांकडे पाहिलं. पाठीमागे बांधले नाहीत, पण पुढेही केले नाहीत.

"मग कुठे निघालं?"

"मोरीत."

"मला दाखव."

"काय?"

"ते. ज्यानं त्या पोरीचं बाळ काचेच्या पेटीत ठेवलं, ते मला बघायचंय."

मॅडमची परवानगी काढली. खोलीत जाता येत नाही; सूक्ष्मदर्शकाला कॅमेरा जोडलेला असतो आणि काचेबाहेरच्या पडद्यावर सगळं दिसतं. आत माझ्या सहकाऱ्यानं मोरीतल्या जंतूंचा एक थेंब काचपट्टीवर घेतला. बाहेर सासूबाई पदर सावरून खुर्चीच्या कडेवर बसल्या, परक्या घरी बसावं तशा.

पडदा उजळला. आखूड काड्या. सगळ्या हलत होत्या, आणि नुसत्या हलत नव्हत्या, कोलांट्या मारत होत्या. सरळ जायचं, गिरकी घ्यायची, उलटं व्हायचं, पुन्हा सरळ.

"अगं बाई," सासूबाई हळूच म्हणाल्या. "हे तर खेळतंय."

"गारव्यात असंच करतात. शेपट्या असतात त्यांना, बारीक. ऊब लागली की शेपट्या टाकतात आणि कामाला लागतात." मी त्यांना सुरगाठीचं सांगितलं.

"म्हणजे आईच्या पोटातली ऊब..." त्या थांबल्या. "त्या उबेनंच गाठ सुटते?"

"हो."

पडद्याचा उजेड त्यांच्या चष्म्यावर हलत होता. इतकी वर्षं ज्याच्याशी रोज लढल्या त्याला त्या पहिल्यांदाच बघत होत्या. त्यांच्या चेहऱ्यावर राग नव्हता. मला त्या पडद्यापुढे बसल्यावर जे होतं तेच होतं.

"केवढं दिलंय गं ह्याला," त्या म्हणाल्या. "आणि राहायला मोरी." मग माझ्याकडे न बघता, "पण मोरीतलं यंत्रावर कसं चढलं? शेपटीनं भिंत चढतं?"

"नाही."

"मग?"

नवऱ्याचं वाक्य ओठांवर आलं, तिथेच राहिलं.

"पाण्यानं?" त्यांनी विचारलं.

"हो, आई."

"माझ्या पाण्यानं."

मी नुसती मान हलवली. त्यांनी ती पडद्याच्या काचेत पाहिली असावी.

"ते बाळ?" जरा वेळानं त्यांनी विचारलं.

"वजन वाढतंय म्हणाले. धोका टळला."

"आणि ते दोघं?"

"एक आजोबा गेले."

त्यांनी हात जोडले. कुणाला ते मला कळलं नाही. आजोबांना असतील. पण डोळे पडद्यावरच होते.

परवा त्या कामावर रुजू झाल्या. मोरी खणून काढली होती, नवी जाळी यायची होती. त्यांच्या हाताखालची बाई मला फोनवर सांगत होती, "आल्या आल्या सगळ्यांना गोळा केलं. म्हणाल्या, माझ्याच फवाऱ्यानं उडत होतं ते, आता कुणी पाइप लावायचा नाही. आम्ही म्हटलं, अहो बाई, तुम्हाला काय माहीत होतं? तर म्हणाल्या, माहीत नव्हतं म्हणून गेलेला माणूस परत येतो का?" मग त्यांनी स्वतः तोटी पाइपावरून काढली, पाइप गुंडाळून भंगारात दिला आणि ब्रश-बादली घेऊन फरशीवर गुडघे टेकले. एक परिचारिका दारातून ओरडली, "काय हो, आज बंब कुठंय?"

"बंब झाला निवृत्त," त्या म्हणाल्या आणि घासत राहिल्या.

संध्याकाळी घरी आल्या तेव्हा बाळ माझ्या कडेवर भुकेनं किरकिर करत होतं. वाटी टेबलावर होती. त्या सरळ नळाशी गेल्या, अगदी बारीक धार सोडली आणि हात धुतले, बोटांच्या बेचक्यांतून, सावकाश. साडीवर गुडघ्यांपाशी ओलसर डाग होते. हात पुसून झाल्यावर त्या माझ्यासमोर येऊन उभ्या राहिल्या.

"तुझी मॅडम खात्रीनं म्हणाली ना?"

"खात्रीनं."

त्यांनी हात पुढे केले. तळवे वर. बोळा फिरवणाऱ्या त्या मुलीपुढे केले असतील तसेच.

मी त्यांत बाळ ठेवलं.