दारातून छप्पन्न, खिडकीतून छप्पन्न

दाजी आमच्याकडे चार दिवसांसाठी आले आणि माझ्या खोलीत रुजले. ताई आईजवळ झोपायची, दाजी माझ्या पलंगावर आणि मी खाली, त्यांच्या घोरण्याच्या पायथ्याशी. नोकरी लागली की ते जाणार होते. फरश्या बसवणाऱ्या एका ठेकेदाराला मुकादम हवा होता. अट एकच, गुणाकार यायला हवा. म्हणजे दाजी सोडून कुणालाही मिळण्यासारखी नोकरी.

खोली परत हवी म्हणून मीच शिकवायला बसलो. पाठांतरात दाजी पोपट होते. फरक इतकाच की पोपट स्वतःला हुशार समजत नाही.

"सात आठे?"

"छप्पन्न."

"आठ साते?"

"ते तू शिकवलं नाहीस."

"तेही छप्पन्नच."

दाजींनी माझ्याकडे खिसेकापूकडे बघावं तसं बघितलं. "म्हणजे एकाने दुसऱ्याचं बघून लिहिलंय."

मी जमिनीवर खडूने चौकोन आखले. दाराकडून सात ओळी, ओळीत आठ. त्यांनी मोजले, छप्पन्न. मग त्यांना खिडकीपाशी उभं केलं. तिकडून आठ ओळी, ओळीत सात. बोट लावून मोजले, छप्पन्न. दाजींचा चेहरा उजळला. तेव्हाच मी घाबरायला हवं होतं.

"कळलं. दारातून छप्पन्न आणि खिडकीतून छप्पन्न."

"तेच छप्पन्न, दाजी."

"आता तू मला शिकवणार?"

"जावयाशी नीट बोल रे," आई स्वयंपाकघरातून म्हणाली. आमच्या घरात जावयाला अक्कल सोडून सगळं मिळतं.

मुलाखतीला मी सोबत गेलो, नाहीतर दाजी रस्ता चुकून पुन्हा माझ्या पलंगावर पोचले असते. ठेकेदाराने एक रिकामी खोली दाखवली. "लांबीला आठ बसतात, रुंदीला सात. किती मागवू?"

दाजी दारात उभे राहून पुटपुटले. मग खिडकीपाशी जाऊन पुटपुटले. "एकशे बारा."

मी मनातल्या मनात माझी उशी पुन्हा जमिनीवर टाकली.

"आधीचे सगळे छप्पन्न म्हणायचे," ठेकेदार म्हणाला. "दोन फुटल्या की काम ठप्प. खिडकीचा विचारच करत नव्हते गाढव." त्याने दाजींच्या खांद्यावर हात ठेवला. "हा माणूस दोन्ही बाजूंनी विचार करतो. उद्यापासून या."

स्वतःला गुणाकार येत असता तर त्याने ती अट घातलीच नसती, हे मला तेव्हा उमगलं. चोराला चोर भेटावा तसा ढ माणसाला ढ माणूस भेटला, आणि दोघांचं भलं झालं.

दाजी-ताईंनी बिऱ्हाड हलवलं. खोली एक रात्र माझी होती. दुसऱ्या दिवशी टेम्पो आला. खिडकीच्या वाटणीच्या फरश्या दर कामाला उरणारच, आणि ठेकेदाराकडे गोदाम नव्हतं. "मेहुण्याची खोली रिकामीच आहे," असं दाजींनी सांगितलं होतं.

महिन्याभरात माझा पलंग दिसेनासा झाला. मी दाजींना फोन केला.

"दारातून आत शिरता येत नाही, दाजी. खिडकीतूनही नाही."

पलीकडे जरा वेळ पुटपुटणं ऐकू आलं.

"अरे वा," दाजी म्हणाले. "म्हणजे दोन खोल्या भरल्या."