वहिनी जागी असते

"बॅटरीची पिन काढल्याशिवाय बोर्डाला हात लावायचा नाही. मशीन बंद असलं तरी नाही."

भिंगकाकांनी तिला हे लॅपटॉप दुरुस्तीच्या दुकानातल्या पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, आणि तिने ते या कानाने ऐकून त्या कानाने सोडून दिलं होतं. तिच्याकडे इलेक्ट्रॉनिक्सची पदवी होती, तीही चांगल्या मार्कांची. काकांनी शाळा अर्ध्यावर सोडलेली. बंद मशीनमध्ये कसला आलाय धोका, असं तिने हसत विचारलंही. काकांनी कपाळावरचं भिंग डोळ्यावर ओढलं आणि समोरच्या बोर्डाकडे बघतच म्हणाले, "मशीन बंद असतं गं. वहिनी जागी असते."

ही वहिनी म्हणजे कोण, ते कळायला तिला आठवडा लागला. लॅपटॉपच्या बोर्डावर नखाएवढी एक काळी चौकोनी चिप असते, तिला दुरुस्तीवाले ईसी म्हणतात. एम्बेडेड कंट्रोलर. पंखा कधी फिरवायचा, बॅटरी किती भरायची, झाकण मिटलं की पडदा कधी विझवायचा, सगळं हिच्या हातात. मुख्य प्रोसेसर झोपलेला असतो तेव्हाही ही बॅटरीवर घोटभर वीज पीत जागी राहते, कारण कुणी बटण दाबलं तर ते आधी हिलाच कळायला हवं. काकांचं म्हणणं, ही घरातली थोरली वहिनी. सगळ्यांच्या आधी उठणार, सगळ्यांच्या नंतर आडवी होणार, आणि पाहुणे आले की कौतुक मात्र प्रोसेसररावांचं.

तिला हे गावठी वाटलं. गोड, पण गावठी.

दुरुस्तीचं दुकान पहिल्या मजल्यावर होतं. तीन टेबलं, दोन गरम हवेच्या बंदुका, सोल्डरचा कडवट वास, आणि खिडकीशी काकांची खुर्ची, तिच्या एका पायाखाली पुठ्ठा. मालकांची आणखी तीन गावांत अशीच दुकानं होती. मूल झाल्यावर वर्षभर घरी बसून ती पुन्हा कामाला लागली होती आणि सहा महिन्यांच्या बोलीवर होती. तेवढे नीट गेले की कायम.

तशी ती काळजीने पोखरलेली बाई. घराला कुलूप लावून अर्धा जिना उतरायची आणि परत वर जाऊन कुलूप ओढून बघायची. गॅसचं बटण तीनदा. मुलगी झोपली की नाकाशी बोट धरून श्वास बघायची. नवरा म्हणायचा, तुला घरात पहारेकरी म्हणूनच ठेवायला हवं. एवढं सगळं तपासणारी बाई एक पिन मात्र काढत नव्हती, आणि जवळजवळ सहा महिने तिचं काही बिघडलंही नाही.

चौथ्या महिन्यात मालकांनी तिला एक काम दिलं. दुकानात एकाच चिपला कुणी ईसी म्हणायचं, कुणी केबीसी, कुणी आणखी काही, आणि काउंटरवरच्या गिऱ्हाइकाचा चेहरा पांढराफटक पडायचा. तेव्हा नेहमीच्या शब्दांची एक यादी करा, अर्थासकट, चारही दुकानांच्या भिंतींवर लावू, असं ते म्हणाले. तिला मनापासून आनंद झाला. डबा खाताना ती वही उघडून बसायची आणि काका एकेक शब्द सोडवून सांगायचे. केबीसी, म्हणजे कीबोर्ड कंट्रोलर, हे ईसीचंच जुनं नाव, तिच्याकडे नुसता कीबोर्ड होता तेव्हाचं. एसीइन म्हणजे चार्जर लागला हा निरोप. लिड म्हणजे झाकण मिटल्याची खबर, ती एका इवल्याशा लोहचुंबकाकडून येते. बायोस म्हणजे मशीनला सकाळी काय काय करायचं ते सांगणारी चिठ्ठी.

"आणि ईसीपुढे काय लिहिलंस, इंजिनियरीणबाई?"

तिने वाचून दाखवलं. वीजपुरवठा, तापमान व कळफलक यांचे नियंत्रण करणारा सूक्ष्म संगणक.

"बरोबर आहे," काका म्हणाले. "पण हे वाचून कुणी पिन काढणार नाही."

ती हसली आणि ओळ तशीच ठेवली.

तो दिवस मंगळवार होता. काका खालच्या दुकानातून सुटे भाग आणायला गेलेले, मालक काउंटरवर. चारच्या सुमारास पाळणाघरातून फोन आला. छकुलीचं अंग कोमट लागतंय, दूध घेत नाही, जमलं तर लवकर या. टेबलावर एकच मशीन उरलं होतं, शिवणकाम शिकवणाऱ्या एका बाईंचं. झाकण हलवलं की पडदा लुकलुकतो, अशी तक्रार. पडद्याची केबल सैल असणार, काढून नीट बसवली की झालं. पाच मिनिटांचं काम.

मशीन बंदच होतं. पिन काढायची तर आणखी एक पट्टी सोडवावी लागली असती. तिने एका हाताने पाळणाघरवालीला निघतेच असा निरोप टाईप केला आणि दुसऱ्या हाताने केबल ओढली. केबल तिरकी निघाली.

चट्, एवढाच आवाज. मग केस जळल्यासारखा वास.

पडद्याच्या दिव्याची वीज बॅटरीकडून थेट येते. त्याच केबलमधून शेजारचीच तार ईसीकडे जाते, झाकणाची खबर नेणारी. केबल तिरकी झाली आणि बॅटरीची सगळी वीज त्या नाजूक तारेतून चिपमध्ये घुसली. हे तिला त्या क्षणी समजलं, अगदी पुस्तकात आकृती काढून दाखवावं तितकं स्वच्छ. तिने बटण दाबलं. चार्जर लावला. साधा दिवासुद्धा लागला नाही.

मशीनला दोऱ्याने बांधलेली चिठ्ठी होती. मशीन कितीदाही आलं तरी त्याच चिठ्ठीवर काय झालं ते लिहायचा नियम होता. तिने पेन उचललं, थांबली, आणि लिहिलं: ईसी फेल.

बास. कुणाच्या हातून, कसं, काही नाही. आणि खोटंही नाही, ईसी गेलीच होती. त्या दोन शब्दांच्या आड उभं राहायला पुरेशी जागा होती. तिने मशीन फळीवर ठेवलं, पर्स उचलली आणि पळत सुटली.

चिठ्ठीची मागची बाजू तिने पाहिली नव्हती.

दुसऱ्या दिवशी ती अर्धा तास उशिरा आली. छकुलीचा ताप रात्रीतच उतरला होता, सकाळी दूधही पोटभर प्यायली होती. जिना चढतानाच तिला मालकांचा आवाज ऐकू आला. ते काकांच्या टेबलाशी उभे होते आणि त्यांच्या हातात ती चिठ्ठी होती, उलटी केलेली. मागे काकांच्या तिरप्या अक्षरात लिहिलं होतं, ईसी बदलली. खाली तारीख. आठ दिवसांपूर्वीची.

शिवणवाल्या बाई फोनवर खूप बोलल्या होत्या. सगळे नमुने त्या मशीनवर, आठवड्यात दोनदा बंद पडतं, हे कसलं दुकान. मालक आरडाओरडा करणाऱ्यांपैकी नव्हते. ते हळूच बोलत होते, आणि तेच जास्त वाईट होतं.

"काका, आठ दिवसांत गेली. चिपला एकशे अठ्ठावीस पाय, आणि तुमचे हात असे. वर्षभर मी बघून न बघितल्यासारखं करतोय. तुमचं काय म्हणणं आहे, सांगा."

काकांनी बोर्ड भिंगाखाली धरला होता. त्यांनी जोडलेले पाय ओळीने चकाकत असणार. काळा डाग केबलच्या खाचेपाशी होता, आणि तो कशाचा हे ओळखायला त्यांना पदवी लागत नव्हती. त्यांनी मान वळवून तिच्याकडे पाहिलं. रागाने नाही. वाट बघितल्यासारखं.

ती पर्सचा पट्टा सोडवत राहिली. तो आधीच सुटलेला होता.

वाक्य तिच्या तोंडात तयार होतं. माझ्या हातून झालं, मी पिन काढली नव्हती. सात शब्द. पण येत्या सोमवारी तिचे सहा महिने पुरे होत होते, पाळणाघरात मोठ्या मुश्किलीने जागा मिळाली होती, आणि मालकांच्या हातातल्या चिठ्ठीवर पुढच्या बाजूला अक्षर कुणाचं आहे हे कुणी विचारतच नव्हतं. तिने पर्स आपल्या खुर्चीला अडकवली.

"हात थरथरतात," काका मालकांना म्हणाले. "हे खरं आहे."

दुपारपर्यंत त्यांनी आवरलं. सामान ते किती, भिंग, स्वतःची बंदूक, चहाचा कप. जिन्याशी ती मुद्दाम उभी राहिली, म्हणजे निदान तेवढं तरी करावं म्हणून. काकांनीच विचारलं, "पोरीला ताप होता म्हणे, उतरला का?"

तिने मान हलवली.

"मग झालं तर." त्यांनी खिशातून कंगव्याचा एक तुकडा काढला. जुन्या प्लॅस्टिकच्या कंगव्याचे दोन दात, टोकाशी घासून पातळ केलेले. याने ते बॅटरीची पिन उचलायचे, लोखंड नको म्हणून. तो तिच्या तळहातावर ठेवून ते जिना उतरले. शेवटच्या दोन पायऱ्यांवर त्यांनी कठड्याला धरलं, हे तिने पाहिलं.

सोमवारी तिला कायम केल्याचं पत्र मिळालं. नवऱ्याने ते दोनदा वाचलं आणि छकुलीला खांद्यावर घेऊन घरभर नाचला. तो म्हणाला, त्या भिंगकाकांना सांग, त्यांनीच तुला शिकवलं ना. ती म्हणाली, ते वयामुळे गेले. हेही एका परीने खोटं नव्हतं. अशा खोटं नसलेल्या वाक्यांचा आता तिच्याजवळ साठाच होऊ लागला होता.

कामात ती एकदम चोख झाली. प्रत्येक मशीनची पिन आधी काढायची, कंगव्याच्या तुकड्याने, आणि दर वेळी तो दिवस पहिल्यापासून आठवायचा. नव्या आलेल्या मुलीला मालक म्हणाले, मॅडमकडे बघून शिक, किती जपून काम करतात. तिचे कान तापले. बंद पडद्यात आपला चेहरा दिसू नये म्हणून ती लॅपटॉप पालथे ठेवायला लागली. एकदा घरी छकुलीने पर्समधून तो तुकडा काढून तोंडात घातला, तेव्हा तिने इतक्या जोरात हिसकावला की पोर घाबरून रडली. तिने तुकडा धुऊन पुसला आणि मगच पोरीला खांद्यावर घेतलं.

यादी तशीच पडून होती. मालकांनी आठवण करून दिली तेव्हा ती बसली, आणि ईसीपाशी येऊन अडकली. वीजपुरवठा, तापमान व कळफलक यांचे नियंत्रण. ओळ बरोबर होती आणि तिच्याने पुढे लिहवेना. ती उठली, काउंटरवर गेली, आणि मालकांना सगळं सांगितलं. चिठ्ठी, केबल, फोन, पर्सचा पट्टा, सगळं. सांगताना तिने छकुलीच्या तापाचा उल्लेख केला आणि लगेच म्हणाली की ते कारण म्हणून सांगत नाही.

मालकांनी पेनचं टोपण लावलं. मग म्हणाले, "त्या दिवशी बोलला असतात तर एक बोर्ड गेला असता. आता माणूस घालवला आपण." त्यांनी 'आपण' म्हटलं, तुम्ही नाही, आणि तिला ते जास्त लागलं.

त्यांनी तिच्यासमोरच काकांना फोन लावला. बंद. दुसऱ्या दिवशीही बंद. रविवारी ती छकुलीला कडेवर घेऊन काकांच्या खोलीवर गेली. सायकल दुरुस्तीच्या दुकानावर एक माळा, दाराला भलतंच नवं कुलूप. सायकलवाला ट्यूब पाण्यात बुडवून बुडबुडे बघत होता. तो म्हणाला, काकांनी खोली सोडली, आठवडा झाला. एक पिशवी आणि ती बंदूक घेऊन गेले. कुठल्यातरी गावात, कुठल्यातरी दुकानात बसेन म्हणाले. मागेपुढे कुणी नाही. शुगरच्या गोळ्या घ्यायला विसरतात, सकाळी तोच हाक मारून आठवण करून द्यायचा. "आता कोण करतं, देव जाणे," तो म्हणाला आणि ट्यूब फिरवली.

त्याच आठवड्यात तिने यादी पुरी केली. मालकांनी ती उभ्या उभ्या वाचली, ईसीपाशी थांबले, आणि चार प्रती काढून चारही दुकानांना पाठवल्या. ओळखीच्या इतर दुकानांनाही पाठवा, एवढंच म्हणाले. ईसीपुढे तिने असं लिहिलं होतं:

"ईसी: हिला जुने लोक केबीसी म्हणतात. आमच्या दुकानात हिला वहिनी म्हणत. मशीन बंद असलं तरी ही जागी असते, म्हणून आधी बॅटरीची पिन काढा. मी काढली नाही आणि एक बोर्ड जाळला. चिठ्ठीवर 'ईसी फेल' एवढंच लिहिलं, आणि ज्यांनी ती चिप आठ दिवसांपूर्वी बिनचूक जोडली होती त्यांच्यावर आळ आला. मी समोर उभी होते आणि गप्प राहिले. यापुढे चिठ्ठीवर नुसतं 'फेल' लिहू नका. कुणाच्या हातून आणि कसं, तेही लिहा.

"हे वाचणाऱ्या तुमच्या दुकानात, किंवा शेजारच्या दुकानात, साठीच्या घरातले एक काका नव्याने आले असतील. कपाळावर भिंग, हात थोडे थरथरतात, आणि ईसीला वहिनी म्हणतात. एकदा त्यांच्याकडे डोकावून या. जेवलात का विचारा, सकाळची गोळी घेतलीत का विचारा. माझं नाव सांगू नका, नाहीतर ते सगळं ठीक आहे म्हणतील. कसे आहेत ते तुमच्या डोळ्यांनी बघा आणि मला कळवा."