वैरणीला माणूस

दादा शहरात लिफ्ट दुरुस्तीच्या कामाला गेला, तेव्हा मागे चार माणसं, एक दुभती म्हैस, दोन विळे आणि वैरणीचे चौदा भारे राहिले. एका भाऱ्याचं वजन सरासरी बावीस किलो. म्हशीला रोज दीड भारा लागे. भारे नऊ दिवस पुरले. दहाव्या दिवशी दादाचा विळा वहिनीने घेतला. तिला तेव्हा चौथा महिना होता.

मी लांबच्या दूध केंद्रावर दुधातलं फॅट मोजते, घरी फक्त रविवारी असते. रविवारची वैरण माझी, बाकी सहा दिवसांची वहिनीची. आबांचे गुडघे आणि आईची कंबर या कामातून आधीच बाद झाली होती.

सहाव्या महिन्यात नर्सबाईंनी वहिनीला तपासलं. "बाळ अडीच किलोच्या वर भरायला हवं. हिचं वजन हलत नाही. ओझं बंद करा आणि रोज दूध द्या."

फोनवर दादा म्हणाला, "म्हैस विकायची नाही हं. तुझ्या वहिनीला दूध नको का?"

"पाहिजे ना," मी म्हणाले. "दुधाला म्हैस पाहिजे, म्हशीला वैरण पाहिजे आणि वैरणीला वहिनी."

"मग माणूस लावा. मी पैसे कशाला पाठवतोय?"

पैसे होते. माणूस नव्हता. गावातले वीस ते पन्नास वयाचे एकतीस पुरुष शहरात होते. उरलेल्या पाचांत दोन दुकानदार, एक पोस्टमन आणि दोघे निवडणूक लढवत होते. शेवटी आबांनी आपल्या दोस्ताला, शिंपीकाकांना लावलं. वय एकाहत्तर.

शिंपीकाका वैरण फार सुबक कापत, कडा जुळवून. भारा उचलायची वेळ आली की खाली बसत. पहिल्या दिवशी अर्ध्या वाटेपासून भारा वहिनीने आणला. दुसऱ्या दिवशी शेतापासूनच. काका मागून विळा घेऊन आले.

"लाज नाही वाटत, भाऊजी?" आईने विचारलं.

"वाटते ना. म्हणून तर विळा मी धरला."

त्यांना मजुरी पूर्ण दिली. त्यांना काढा म्हटलं, तर आमची वहिनीच नाही म्हणाली. "राहू द्या. त्यांच्या घरी बोलायला कोणी नाही. दोन्ही मुलं शहरात."

पुढच्या रविवारी मी केंद्रावरचा वजनकाटा आणला. आधी वहिनीला उभं केलं, मग भारा ठेवला आणि दादाला फोन लावला.

"वहिनी चव्वेचाळीस. भारा बावीस."

दादाच्या मागे कुणीतरी त्याला पाना मागत होतं.

"विका," तो म्हणाला.

"गोठा रिकामा दिसला की लोक म्हणतील, हे घर बसलं," आबा म्हणाले.

"म्हणू द्या, आबा," मी म्हणाले. "वैरण आणायला ते येतात का?"

गिऱ्हाईक मिळायला पाच आठवडे लागले. म्हैस सगळ्यांना आवडायची. मग प्रत्येकजण विचारायचा, वैरण कोण आणतं, आणि आपल्या घरातली माणसं मोजून परत जायचा. तोवर शिंपीकाका कापत होते आणि वहिनी वाहत होती.

म्हैस गेल्यावर सहा आठवडे वहिनीने काही उचललं नाही. दूध मी केंद्रावरून पाठवत होते, रोज अर्धा लिटर. बाळंतपण वेळेवर झालं. मुलगी झाली. नर्सबाईंनी तिला दोनदा काट्यावर ठेवलं. दोन्ही वेळा दोन किलो चारशे साठ ग्रॅम.