ठेवू का

आमच्या घरात फोन ठेवण्याची एक पद्धत होती. ज्याने फोन लावला त्याने विचारायचं, "ठेवू का?" पलीकडच्याने "ठेव" म्हटल्याशिवाय ठेवायचा नाही. बाबा टेलिफोन खात्यात लाइनमन होते. चौतीस वर्षं त्यांनी खांबांवर चढून लोकांचे आवाज एकमेकांपर्यंत पोचवले. त्यांचं म्हणणं असं, की बोलणं मध्येच तुटलं तर दोष तारेचा असू शकतो, पण न विचारता ठेवला तर तो माणसाचाच. दादा आणि मी लहानपणी याची भरपूर टिंगल केली. दादा जेवून उठताना ताटाला विचारायचा, ठेवू का. बाबाही हसायचे. नियम मात्र तसाच राहिला.

दुसरा नियम आकड्यांचा. बाबा फोनमध्ये नंबर साठवत नसत. चार-पाचशे नंबर त्यांना तोंडपाठ होते, त्यातले निम्मे वारलेल्या माणसांचे नाहीतर बंद पडलेल्या दुकानांचे. आकडे ते जोडीजोडीने पाठ करायचे, पाढे म्हटल्यासारखे. नवा नंबर कळला की समोरच्याने तो मोठ्याने सांगायचा, बाबांनी परत म्हणून दाखवायचा, समोरच्याने "बरोबर" म्हणायचं. मग वहीत तोच नंबर दहा ओळी लिहायचा आणि वही मिटायची. आणि शेवटी टेस्ट कॉल. टेस्ट कॉल झाल्याशिवाय त्यांनी कुठल्याही घरातून हत्यारांची पिशवी उचलली नाही. आई होती तेव्हा म्हणायची, लग्नानंतर यांनी माझाही टेस्ट कॉल घेतला असता, पण माहेरी फोन नव्हता.

मी जुन्या कागदांची डागडुजी करते. फाटलेली पानं, वाळवीने खाल्लेल्या कडा, शाईने जळलेल्या ओळी. मागच्या वर्षी एका परदेशी ग्रंथालयाच्या दुरुस्ती विभागात तीन आठवडे शिकायला जायची संधी आली. बाबांना कागदांचं फारसं कौतुक नव्हतं, पण मी जाणार म्हटल्यावर ते स्वतः मोबाइल कंपनीच्या दुकानात गेले आणि माझ्या नंबरावर परदेशातलं रोमिंग चालू करून आले. काउंटरवरच्या मुलीची त्यांनी उलटतपासणी घेतली असणार, कारण घरी आले ते खुशीत होते. तुझा नंबर आहे तोच राहणार, म्हणाले. तू कुठेही अस, मी हाच फिरवणार.

तो नंबर मी तिसऱ्या दिवशी काढून ठेवला.

कारण अगदी क्षुल्लक होतं. रोमिंगवर डेटा धड चालत नव्हता. नकाशा उघडला की पडद्यावर नुसतं चक्र फिरायचं आणि मी चौकात उभी. दोन दिवस सकाळी रस्ता चुकले, दोन्ही दिवस उशिरा पोचले. आमच्या टेबलावर शिकवणाऱ्या बाईंनी जेवणाच्या सुट्टीत मला कोपऱ्यावरच्या दुकानात नेलं आणि तिथलं सिम घेऊन दिलं. माझ्या फोनमध्ये एकच सिम बसत असे. जुनं सिम मी कागद चिकटवण्याच्या पट्टीने पासपोर्टाच्या आतल्या बाजूला डकवलं, हरवू नये म्हणून. पट्टी चांगली होती. पान न फाडता निघते अशी.

त्यानंतर सगळं सुरळीत झालं. नकाशा मला हाताला धरून नेऊ लागला. दुकानातल्या डब्यांवरची अक्षरं फोन वाचून दाखवू लागला. मेसेजचं अ‍ॅप जुन्याच नंबरावर चालू राहिलं, त्यामुळे कोणालाच काही बदल जाणवला नाही. नवा नंबर घेतलाय हे मी फक्त बाबांना सांगितलं, कारण न सांगता नंबर बदलणं आमच्याकडे घर बदलण्यासारखं होतं.

सांगितलं ते बसथांब्यावरून. अ‍ॅपवरून फोन लावला होता, गल्लीत वारा होता, त्यांचा आवाज तुकड्यातुकड्यांनी येत होता. नंबर मेसेजवर टाकते म्हटलं तर म्हणाले, आकडे मी वाचत नाही, ऐकतो, सांग. मी एकदा घाईने सांगितला. ते वही आणायला गेले, आले, परत सांग म्हणाले. परत सांगितला. मग ते जोडीजोडीने म्हणून दाखवू लागले आणि तेवढ्यात बस आली. मी चढता चढता म्हटलं, "हो हो, बरोबर."

"मग ठेव तू. मी टेस्ट कॉल करतो."

"बाबा, मी रोज लावतेच आहे ना. उगीच कशाला?"

मी तिकीट काढून सीटवर बसले. मला वाटलं, रेंज गेली.

"बरं," ते म्हणाले. "तू म्हणतेस तर."

मी विचारलं, ठेवू का. ते म्हणाले, ठेव.

पुढचे अकरा दिवस मी रोज फोन केला. व्हिडिओ लावला तरी ते फोन कानालाच धरायचे, त्यामुळे मला रोज त्यांचा कान दिसायचा. कानाच्या पाळीवरचा केस, मागे भिंतीवरचं कॅलेंडर तिरकं. मी म्हणायची, बाबा, समोर धरा, आणि कान म्हणायचा, समोर धरला तर ऐकू कसं येणार? अ‍ॅपवर आलेला फोन उचलणं त्यांना जमत होतं. लावणं त्यांनी शिकून घेतलं नाही. त्यात नंबर फिरवायचा नसतो, चेहरा दाबायचा असतो, आणि माणसाचा चेहरा दाबणं त्यांना पटत नव्हतं. मी दुरुस्त केलेल्या पानांचे फोटो पाठवायची. बाबा ते बघत नसावेत. पण "हेडऑफिसचं काम कुठवर आलं" असं रोज विचारायचे. घरात सगळे निर्णय मी घेते म्हणून मला ते हेडऑफिस म्हणत.

बाराव्या दिवशी दुपारी मी एका पत्राच्या कडेला खळ लावत होते. पत्र कोणी कोणाला लिहिलं होतं ते ठाऊक नाही, भाषा मला येत नव्हती. मी फक्त त्याचा फाटलेला कोपरा सांधत होते. विभागात फोन नेता येत नसे. बाहेर लोखंडी कप्पे होते, त्यांत ठेवून किल्ली गळ्यात घालायची. काम संपवून हात धुऊन कप्पा उघडला तेव्हा अ‍ॅपवर दादाचे सात फोन येऊन गेले होते. आणि खाली एक मेसेज. तो मी इथे लिहीत नाही.

विमानात डेटा नव्हता, तेवढे तास मला कोणी काही सांगू शकलं नाही. सांगण्यासारखं काही उरलंही नव्हतं.

घरी आल्यावर चौथ्या की पाचव्या दिवशी दादाने बाबांचा फोन माझ्यापुढे ठेवला. तो तसा बोलका माणूस, माझ्या कागदांना रद्दी आणि मला रद्दीवाली म्हणणारा. त्या दिवशी तो खुर्चीच्या कडेवर बसला होता, उठून जायच्या तयारीत असल्यासारखा.

"त्यांनी आधी मला फोन केला," तो म्हणाला. "छातीत जड वाटतंय, ये म्हणाले. मी म्हटलं, वीस मिनिटांत पोचतो. तर म्हणाले, सावकाश ये, गाडी नीट चालव. मी पोचलो तेव्हा खुर्चीतच होते. शुद्ध नव्हती. फोन मांडीवर होता." मग म्हणाला, "तू सांगितलं नाहीस, तुझ्याशी बोलणं झालं म्हणून."

मी म्हटलं, झालं नाही.

त्याने फोन माझ्याकडे सरकवला. त्या दुपारी लावलेले फोन ओळीने दिसत होते. पहिला दादाला. मग माझा जुना नंबर, दोनदा, दोन्ही वेळा लागलेला नाही. तो नंबर तेव्हा ग्रंथालयाच्या लोखंडी कप्प्यात, माझ्या पिशवीत, पासपोर्टाला चिकटलेला होता. आणि मग परदेशातला एक नंबर. चार मिनिटं बारा सेकंद.

मला क्षणभर खरंच वाटलं, की मी बोलले असेन आणि विसरले असेन. माणूस काहीही मानायला तयार होतो. मग मी नंबर नीट वाचला. माझ्या नंबराच्या शेवटी सत्तावीस, चौऱ्याऐंशी होतं. बाबांनी फिरवला होता चौऱ्याऐंशी, सत्तावीस.

"चुकले शेवटी," दादा म्हणाला. "त्या वेळी कोणाचंही डोकं ठिकाणावर राहणार नाही गं."

बाबा आकड्यात चुकत नसत. मी त्यांच्या टेबलाचा खण उघडून वही काढली. शेवटच्या पानावर माझा नंबर होता, दहा ओळी, प्रत्येक आकडा सरळ उभा. दहाही ओळींत शेवटी चौऱ्याऐंशी, सत्तावीस. त्यांनी जे लिहून घेतलं ते त्यांनी बिनचूक पाठ केलं होतं. छातीत कळ येत असताना बिनचूक फिरवलंही होतं. बसथांब्यावर ते मला हेच म्हणून दाखवत होते, आणि मी बसचा दांडा धरून म्हटलं होतं, हो हो, बरोबर.

दादाला मी वही दाखवली. त्याने बघितली आणि मला परत दिली. उठून पाणी प्यायला गेला आणि बराच वेळ स्वयंपाकघरातच राहिला.

त्या नंबरावर फोन करायला मला आठवडा लागला. बाबांच्याच फोनवरून केला. एका पुरुषाने उचलला. मागे कसलंसं यंत्र करकरत होतं. आम्हा दोघांच्याही नसलेल्या भाषेत, मोडक्यातोडक्या वाक्यांत मी सांगितलं, की या नंबरावरून त्या दिवशी एका म्हाताऱ्या माणसाने तुम्हाला फोन केला होता. यंत्र थांबलं.

आठवतं, तो म्हणाला. तो चाव्या बनवायचा. दुकानात एकटाच असायचा. त्या दिवशीही त्याने असंच यंत्र बंद केलं होतं, कारण म्हाताऱ्याचा आवाज बारीक होता. एक शब्दही कळला नाही, म्हणाला. पण म्हातारी माणसं चुकून फोन लावतात, त्यांच्या तोंडावर ठेवून देणं बरं दिसत नाही. म्हणून ऐकत राहिलो.

मी विचारलं, तुम्ही काही बोललात का? तो म्हणाला, सुरुवातीला हॅलो म्हटलं. त्यांनी दोन-तीनदा काहीतरी विचारलं. मी हॅलोच म्हणत राहिलो, पण लाइनवर खूप खरखर होती, माझं बोलणं त्यांना धड ऐकू गेलं नसावं. मग बहुतेक त्यांना वाटलं, की त्यांचा आवाज पोचतोय पण माझा येत नाहीये. नंतर ते एकटेच बोलत राहिले.

हे मला लगेच समजलं. आवाज एकाच बाजूने जातोय असा बिघाड बाबांनी हजार वेळा बघितला असेल. तशा वेळी ते लोकांना सांगायचे, तुम्ही बोलून घ्या, तिकडे ऐकू जातंय.

कसे बोलत होते, मी विचारलं. घाबरले होते का?

नाही, तो म्हणाला. सावकाश बोलत होते. मध्ये दम घ्यायला थांबायचे. एकदा हसले. त्यातलं काही मला आठवत नाही, माफ करा, मी खूप आठवून बघतोय. एखादा शब्द तरी, मी म्हटलं. कसाही. त्याने प्रयत्न केला. दोन-तीन आवाज काढून बघितले, ते कुठल्याच भाषेतले नव्हते. मग तो ओशाळला.

चार मिनिटं बारा सेकंद बाबा माझ्याशी बोलले होते. सगळं सांगून झालं असणार, कारण ते अर्धवट बोलणारे नव्हते. ते सगळं एका दुकानात, लोखंडाच्या चुऱ्यावर पडलं, आणि हा माणूस ते जपून ठेवू शकला नाही यात त्याचा काही दोष नव्हता. फाटलेला कागद मला सांधता येतो. निदान कागद तरी लागतो.

"शेवटी काय झालं?" मी विचारलं.

"शेवटी त्यांनी काहीतरी विचारलं," तो म्हणाला. "अगदी छोटंसं. दोन शब्द असतील. मी काही बोललो नाही, तर परत तेच विचारलं. वाट बघत राहिले. मला वाटलं, काहीतरी उत्तर दिलं पाहिजे. म्हणून मी 'हो' म्हटलं."

"मग?"

"मग त्यांनी फोन ठेवला."

मी पलंगावर बसले होते. समोरच्या भिंतीवर कॅलेंडर सरळच होतं. तिरकं ते फक्त माझ्या पडद्यावर दिसायचं.

त्याने विचारलं, "मी बरोबर केलं ना?"

मला हो म्हणायचं होतं. आयुष्यात एवढा सोपा शब्द मी किती वेळा न ऐकता उच्चारला होता, तो आता येईना. फोन मी लावला होता, म्हणजे विचारायचं मीच होतं. तेही मला जमलं नाही. तो दोनदा हॅलो म्हणाला. ठेवला मात्र नाही. आम्ही दोघं तसेच थांबलो, मी इकडे, तो तिकडे. मग दुकानात कोणीतरी आलं असावं, बोलणं ऐकू आलं, फोन लाकडावर टेकवल्याचा आवाज झाला, आणि यंत्र पुन्हा करकरू लागलं. चावी पूर्ण कापून होईपर्यंत मी ऐकत होते. मग दुसरी चावी सुरू झाली.